ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी

मुनीरभाईंच्या चॅनेलवर ट्रॅक्टर सुरू व्हायला चौदा मिनिटं लागत. हे मी मोजून सांगते आहे, कारण त्या चौदा मिनिटांशी मी दीड वर्ष भांडले. सगळ्या जगात लोक कॉम्प्युटरवरच्या खेळाचा व्हिडिओ उघडतात तो खेळ बघायला. भाईंच्या व्हिडिओत आधी गुलाबाच्या पाकळ्या पडत, मग सनई वाजे, मग सोनेरी अक्षरांत ‘सहर्ष स्वागत’ येई. त्यानंतर भाई टोपी सारखी करून कॅमेऱ्याकडे बघत आणि मागच्या व्हिडिओखाली ज्यांनी ज्यांनी दोन शब्द लिहिले असतील त्या प्रत्येकाची चौकशी सुरू करत. “लोह्याचे बालाजीराव आले, सलाम. उमरीचे गजाननराव, लई दिवसांनी आलात, आईची तब्येत बरी हाय ना?” ट्रॅक्टर मागे बांधावर उभा. बघणाऱ्याने चहा करून प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी भाई नायगावपर्यंतच पोचलेले असत.

“भाई, लोक पळून जातात,” मी म्हणायची.

“जाऊ द्या. दारात आलेल्याला या न म्हणता डायरेक्ट जेवायला बसवता का तुमी, वर्षाताई?”

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही. भांडणातही ‘वर्षाताई’ आणि ‘तुमी’. त्यामुळे धड भांडताही येत नसे.

मुनीरभाई मूळचे लग्नाचे शूटिंगवाले. नांदेडमध्ये त्यांचा दहा बाय बाराचा स्टुडिओ होता आणि तिथे मी मिक्सिंगला होते. मिक्सिंग म्हणजे शूटिंगमधलं नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी टाकायची आणि शेवटी नवरीला गुलाबाच्या फुलात बसवायचं. लोह्याहून रोज येऊन-जाऊन सात वर्षं मी हे काम केलं. पेन ड्राइव्ह येऊन जुना झाला तरी आमचं गिऱ्हाईक ‘कॅसेट कधी मिळंल?’ असंच विचारी, आणि भाईही ‘कॅसेट परवा घेऊन जावा’ असंच म्हणत.

शूटिंगमध्ये त्यांचा एक नेम होता. पंगत बसली की कॅमेरा खांद्यावर घेऊन ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चालत जात. प्रत्येक तोंडावर थांबत. घास तोंडात असेल तर तो गिळेपर्यंत थांबत. मग बायकांची पंगत, मग वाढप्यांची, मग बाहेर जीपमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरची. “ज्याचं तोंड आलं न्हाई, त्यानं लग्नाला येऊन काय केलं?” हे त्यांचं म्हणणं. त्या पंगती कापताना माझे डोळे जायची वेळ यायची, कारण कापायची परवानगीच नव्हती.

एकदा देगलूरकडच्या एका लग्नात नवरदेवाचे धाकटे मामा कॅसेटमध्ये आलेच नाहीत. ते बिचारे पूर्ण वेळ जनरेटरपाशी उभे होते. मामा रुसले, मामी त्याहून रुसल्या, आणि निरोप आमच्यापर्यंत आला. दुसरा कुणीही शूटिंगवाला हसून गप्प बसला असता. भाई पंधरा दिवसांनी कॅमेरा घेऊन मामांच्या घरी गेले, त्यांना फेटा बांधला, भिंतीपुढे उभं केलं आणि अक्षता टाकायला लावल्या. मग ती कॅसेट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “ह्यांना लग्नात बसवा.” लग्न कडक उन्हाळ्यातलं आणि मामांच्या अंगात स्वेटर, कारण त्या दिवशी त्यांना ताप होता. तीन दिवस मी त्या स्वेटरशी झटत होते. शेवटी मांडवाच्या कोपऱ्यात ते कसेबसे उभे राहिले, आणि सगळं घर खूश झालं. माझ्याशिवाय.

पुढे भाईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी तासभरसुद्धा उभं राहू नका म्हणून सांगितलं, आणि शूटिंगवाला बसून कसा चालेल? त्यातच ड्रोन उडवणारी नवी पोरं आली. पत्रिका येणं कमी झालं. ज्या माणसाला एका दिवसात तीन लग्नांचं बोलावणं असे, तो दुपारचा स्टुडिओत बसून रस्त्यावरच्या वराती बघू लागला. वाजंत्री जवळ आली की ते उठून दारापर्यंत जात, कुणाचं लग्न आहे ते विचारत आणि परत येऊन बसत. ते मला बघवत नसे.

अशाच एका पावसाळ्यात, लग्नं बंद असताना, माझ्या मिक्सिंगच्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, त्यांनी तो ट्रॅक्टरचा खेळ बघितला. मशीन भारीतलं होतं, खेळ सुरेख चाले. त्यात परदेशातलं हिरवंगार शेत असतं, आपण नांगरायचं, पेरायचं, कापायचं, गाई पाळायच्या. भाईंच्या सात पिढ्यांत गुंठाभर जमीन कुणाकडे नव्हती. आठवड्याभरात ते त्यात असे रमले की ट्रॅक्टर वळवताना स्वतःही खुर्चीत वळत. मीच एकदा वैतागून म्हणाले, “एवढं खेळता तर रेकॉर्ड करून टाका, लोक बघतील.” हे वाक्य मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

चॅनेलचं नाव ठेवलं ‘मुनीरभाईचं शेत’.

भाईंचा मुलगा आसिफ व्यवहारी माणूस. त्याला स्टुडिओच्या जागेत मोबाइलची कव्हरं, काचा आणि चार्जर विकायचे होते. पण बापाला एकदम उठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने वर्षभराची मुदत दिली. “अब्बा, पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. तवर तुमच्या चॅनेलला हजार माणसं झाली तर मशीन, कॅमेरे, वर्षाताई, सगळं जिथल्या तिथं राहू दे. न्हाई झाली तर दुकान मी घेतो.” तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, म्हणून आमच्या धंद्यात सगळ्या मुदती तिथपर्यंतच्या. हजार झाले की चॅनेल उभा राहतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. तेव्हा स्टुडिओही त्या हजारावर आणि माझी खुर्चीही त्याच हजारावर. हे भाईंना कळत नव्हतं असं नाही. तरी त्यांनी काय केलं ते ऐका.

त्यांनी माणसं आकड्यात धरलीच नाहीत. स्टुडिओत जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर भाई बघणाऱ्यांची नावं लिहीत: नाव, गाव, घरी कोण कोण, कुणाचं काय दुखतं. आणि चॅनेलवरचा एक जरी माणूस कमी झाला, चारशे बाराचे चारशे अकरा झाले, की काम बंद. कोण गेलं ते चॅनेल सांगत नाही. मग भाई पत्रिका पसरून बसत. “मुखेडचा संजू दोन येळा काही बोलला न्हाई. त्याचं नाव घ्यायचं राहिलं होतं का?” मी म्हणे, “भाई, त्याचा फोन बिघडला असेल, त्याला कंटाळा आला असेल.” ते मान हलवत. “न्हाई. नाराज झाला. आपलंच कायतरी चुकलं.” आणि नंबर शोधून फोन लावत.

त्या खेळात गाईंना नावं देता येतात. भाईंनी एकेका गाईला एकेका बघणाऱ्याचं नाव द्यायला सुरुवात केली. मी हात जोडले. म्हटलं, गाई विकाव्या लागतील तेव्हा काय करणार? तसंच झालं. गोठा भरला, खेळ पुढे जाईना, आणि भाईंनी एक गाय विकली. ती होती नायगावच्या व्यंकटरावांची. दुसऱ्या दिवशी आकडा पाचने घसरला. फोनाफोनी केल्यावर कळलं, व्यंकटरावांचं सगळं घर एकदम निघून गेलं होतं.

पुढच्या गुरुवारी आम्ही नायगावला निघालो. आम्ही म्हणजे भाई आणि मी, काळीपिवळीत, मांडीवर लॅपटॉप आणि अर्धा किलो बालूशाही. गुडघा वाकत नाही म्हणून भाई पाय लांब करून बसलेले आणि समोरच्या बाईची पिशवी त्यावर ठेवलेली. जगात खेळाचे चॅनेल चालवणारे हजारो लोक असतील, त्यातला एक तरी गेलेल्या माणसाची समजूत काढायला जीपने गेला असेल का, एवढंच वाटभर माझ्या डोक्यात होतं.

व्यंकटराव ओसरीवर बसले होते. साठीचे, पांढऱ्या मिशांचे. खऱ्या दोन म्हशी समोर रवंथ करत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, बालूशाही मात्र न उघडता बाजूला ठेवली.

“माफी करा,” भाई म्हणाले. “तुमच्या नावाची गाय इकायची न्हवती.”

“इकल्याचं काही न्हाई,” व्यंकटराव म्हणाले. “जनावर हाय, इकावं लागतं. पर गाभण गाय इकत असतेत का, भाई? आमी सगळे बघून राहिलो होतो. घरात बायकांनी तोंडाला पदर लावला.”

भाईंना ती गाभण असल्याचं माहीत नव्हतं. खेळात ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि व्यंकटरावांच्या समोर नवी गाय घ्यायला बसले. व्यंकटराव चष्मा लावून पुढे सरकले. ही नको, हिची कास बघा. ही नको, मागचे पाय जवळ हायत. एका गाईशी थांबून म्हणाले, “दात दाखवा.” दात दाखवायची सोय खेळात नव्हती. भाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी मिक्सिंग करून दात आणणार होते. पाऊण तास हे चाललं. शेवटी एक गाय पसंत पडली आणि घरातले पाचच्या पाच परत आलेच, शिवाय शेजारपाजारच्या अकरा फोनांवर चॅनेल लागला.

परतताना भाई म्हणाले, “बघितलं? एका दिवसात सोळा.”

“भाई, अशानं हजार व्हायला नांदेड जिल्हा दोनदा फिरावा लागेल,” मी म्हणाले.

“फिरू,” ते म्हणाले. मला त्या क्षणी जीपमधून उतरून चालत जावंसं वाटलं.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले तेव्हा आकडा सहाशे बारा होता. भाई भाचीच्या लग्नासाठी चार दिवस उदगीरला गेले आणि मी ठरवलं की आता जे व्हायचं ते होवो. त्यांनी जाण्यापूर्वी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ माझ्याकडे होता. मी पाकळ्या काढल्या. सनई काढली. चौदा मिनिटांची नावं उचलून बाजूला टाकली. व्हिडिओ सुरू होतो तोच ट्रॅक्टर ओढ्यात अडकलेला, चाकं फिरतायत, चिखल उडतोय आणि भाई म्हणतायत, “आता मेलो.” एकूण नऊ मिनिटं. वर टाकला आणि देवाला नमस्कार केला.

तो चालला. असा चालला की मी दर तासाला बघत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. कुठली कुठली पोरं आली. सहाशे बाराचे सातशे, सातशेचे आठशे. चौथ्या दिवशी आठशे चौऱ्याहत्तर. आसिफने येऊन आकडा बघितला आणि तोसुद्धा हसला. मी घरी आईला सांगितलं की माझी नोकरी राहिली.

भाई उदगीरहून आले, बसले आणि व्हिडिओ पूर्ण बघितला. मी वाट बघत होते.

“बालाजीराव कुठं हायत?” त्यांनी विचारलं.

“कापले.”

“आन गजानन?”

“सगळेच कापले, भाई. पण आकडा बघा ना.”

त्यांनी आकडा बघितला नाही. ते पत्रिकांवरची नावं मोजत होते. “त्रेचाळीस माणसं,” ते म्हणाले. “रोज येणारी त्रेचाळीस माणसं तुमी दारातून वापस लावली.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी बोलले असते. मग ज्या माणसाला इतक्या दिवसांत आवाज कमी-जास्त करायचं बटण सापडलं नव्हतं, त्याने व्हिडिओ काढून टाकायचं बटण बरोबर शोधलं आणि तो काढून टाकला.

इथंही निभावलं असतं. आलेले लोक आलेले होते. पण दुसऱ्या दिवशी भाई नवा सदरा घालून आले आणि म्हणाले, “इतकी नवी माणसं आलीत, त्यांचं स्वागत करू.” त्या पोरांनी स्वतःची नावं काय काय ठेवलेली. किलर, डेंजर बॉय, राक्षस नंबर एक. भाई प्रत्येकासमोर थांबून अदबीने विचारत होते, “किलरसाहेब, आपलं गाव कोणतं? घरी कोण कोण हाय?” तो व्हिडिओ बावन्न मिनिटांचा झाला आणि त्यात ट्रॅक्टर सुरूच झाला नाही, वेळ संपला. मी एक सेकंद कापला नाही. आता माझ्या मनात काही उरलंच नव्हतं.

किलरसाहेब गेले, राक्षस गेले. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आकडा सहाशे अठ्ठ्याऐंशी होता. त्यातले बहुतेक जुनेच, पत्रिकांवरचे. आसिफने शब्द पाळला आणि दुकान घेतलं. मशीन मात्र त्याने विकलं नाही, मागच्या कोपऱ्यात ढकललं, एवढा तो चांगला आहे. मी त्या दिवशी रडले. दुःखाने नाही, संतापाने. तीनशे माणसांसाठी अडलेलं काम होतं, ती दारात आली होती, आणि ह्या माणसाने त्यांना त्यांचं गाव विचारून पळवून लावलं.

मला लातूरला काम मिळालं. तिथे एका मोठ्या क्लासचे शिकवण्याचे व्हिडिओ मी कापते. निघताना भाई बसस्टँडवर आले. म्हणाले, “वर्षाताई, नाराज होऊन चालल्या का?”

“हो,” मी म्हणाले. आणि त्यानंतर दर शुक्रवारी नमाज झाली की माझा फोन वाजू लागला. जेवण मिळतं का, खोलीत पाणी येतं का, राग गेला का. मी म्हणायची, नाही गेला. “बरं,” ते म्हणायचे, “पुढल्या शुक्रवारी इचारतो.” तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, हेही इथे कबूल करते.

लातूरच्या कामात माझ्यापुढे एक रेघ असते. व्हिडिओ बघणारे कितव्या सेकंदाला उठून गेले ते ती रेघ दाखवते. क्लासचे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून विचारतात, इथे का गेले? सर ‘नमस्कार’ म्हणाले म्हणून गेले. मग मी नमस्कार कापते. सर श्वास घेतात तो कापते. लाखांनी लोक येतात आणि तिसाव्या सेकंदाला निम्मे गेलेले असतात. गेलेल्याचं नाव विचारायची तिथे पद्धत नाही. मी माझ्या कामात आता चांगली हुशार झाले आहे.

यंदा संक्रांतीनंतर कामासाठी नांदेडला गेले होते. पाच वाजताची लातूरची गाडी होती, हाताशी दोन तास होते. दुकानात गेले. पुढे कव्हरांच्या भिंती, मागे कोपऱ्यात भाई उशी घेतलेल्या खुर्चीवर. आता ते दुपारी तीनला लाइव्ह खेळतात. मला बघून त्यांनी हाताने बसा म्हणून खूण केली. बाजूला आकडा दिसत होता, एक्केचाळीस. नांगरट चालू होती, बोलणं त्याहून जास्त चालू होतं. उमरीच्या गजाननच्या आईचं त्या दिवशी नांदेडलाच ऑपरेशन होतं आणि तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून बघत होता. ‘आत नेलं भाई,’ असं त्याने लिहिलेलं.

थोड्या वेळाने एक्केचाळीसचे चाळीस झाले.

भाईंनी ट्रॅक्टर थांबवला. “गजाननराव, हायत का?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. फोन लावला, बंद. मी म्हणाले, “भाई, नातेवाईक आले असतील, कामात असेल.”

“ऑपरेशन चालू असताना माणूस उगी उठत न्हाई,” ते म्हणाले. एक हात टेबलावर आणि एक गुडघ्यावर ठेवून उठले. स्क्रीनकडे बघून “आलो” म्हणाले आणि स्कूटर घेऊन गेले. लाइव्ह तसंच चालू. अर्ध्या नांगरलेल्या शेतात ट्रॅक्टर धडधडत उभा.

वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. “वर्षाताई, सगळं ठीक हाय. आई बाहेर आली. ह्याच्या फोनची बॅटरी उतरली होती. आसिफला म्हणा, चार्जर घेऊन ये.” आसिफने कपाळावर हात मारला, भिंतीवरचा एक चार्जर काढला आणि मला दुकान बघायला सांगून तोही गेला.

मी कपाळाला हात लावून भाईंच्या खुर्चीवर बसले. सवयीने आकड्याकडे बघितलं. चाळीस. पाच मिनिटांनी बघितलं, चाळीस. समोर काहीही घडत नव्हतं. माझ्या सरांचा एक श्वास ज्यांना सहन होत नाही तशीच ही माणसं, तसेच फोन, आणि अर्धा तास होत आला तरी त्या रिकाम्या शेताकडे बघत चाळीसच्या चाळीस बसलेली. एकाने विचारलं, ‘भाई कुठं गेले?’ मी काहीतरी लिहिणार, तोवर देगलूरच्या कुणीतरी लिहिलं, ‘बसा. इंजिन चालू ठेवून गेलेत.’

मी बसले. पाचची गाडी गेली.